किल्ली कोणाच्या कमरेला?

दिवाळी अंकात सरकारी जमाखर्चावरच्या ग्रंथाविषयी लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढणे, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या ग्रंथाविषयी येथे लिहायचे आहे, त्याचा विषय मुळात घरगुतीच आहे. एकत्र कुटुंबात कमावणारे चार, खाणारे चौदा आणि तिजोरीची किल्ली मात्र एकाच्याच कमरेला. अशा घरात धाकट्या सुनेला मुलाच्या वहीसाठी चार आणे हवे असले, तर कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागते, हे ज्या पिढीने अनुभवले किंवा आजीकडून ऐकले, तिला हा ग्रंथ समजण्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. ग्रंथाचे नाव ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती. ग्रंथकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रकाशन लंडन, १९२५.

बाबासाहेबांचे नाव महाराष्ट्रात घरोघर आहे. पण त्यांचे हे पुस्तक वाचलेला माणूस शोधायला निघालो, तर हाताची बोटेदेखील उरतील. समाजक्रांतीचा नेता आणि घटनेचा शिल्पकार या दोन मूर्तींच्या मागे तिसरा एक आंबेडकर उभा आहे : कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात सरकारी अहवालांच्या गठ्ठ्यांत बसलेला, विशीतला, आकडा आकड्याला घासून सत्य काढणारा अर्थशास्त्रज्ञ. त्याचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. आणि ज्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर हा विद्यार्थी अमेरिकेत गेला, त्या सयाजीराव गायकवाडांना त्याने हा ग्रंथ कृतज्ञतेने अर्पण केला. आपल्या संघराज्याची जन्मकथा वाचायची असेल, तर ती या पुस्तकापासून वाचायला घ्यावी, असे माझे मत आहे.

कारण संघराज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे २६ जानेवारी १९५० ही तारीख उभी राहते. त्या दिवशी घटना लागू झाली, केंद्र आणि राज्ये यांनी कामे वाटून घेतली आणि संसार सुरू झाला, असा आपला सुखाचा समज. हा ग्रंथ त्या समजाला हळूच धक्का देतो. वाटणी पूर्वीच, परक्या सरकारच्या हिशेबाच्या वहीत झालेली होती. आणि ती जनतेच्या हक्काची म्हणून झाली नव्हती. सरकारला खर्च झेपेना म्हणून झाली होती.

ग्रंथाची मांडणी चार भागांची आहे : प्रांतिक अर्थव्यवस्थेचा उगम, तिची वाढ, तिची यंत्रणा आणि १९१९ च्या कायद्यानंतरची तिची अवस्था. उगमाची कथा १८३३ च्या सनदी कायद्यापासून सुरू होते. त्या कायद्याने मुंबई आणि मद्रास या इलाख्यांचे कायदे करण्याचे अधिकार काढून घेतले आणि पैशाचे सारे दोर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाती दिले. मुंबईच्या गव्हर्नरला नवी जागा निर्माण करायची झाली, तरी कलकत्त्याची मंजुरी हवी. उत्पन्न गोळा करायचे प्रांतांनी, खर्च करायचा प्रांतांनी; पण जमा आणि खर्च दोन्ही कलकत्त्याच्या नावावर. अशा घरात काटकसर कोण करील? वाचवलेला पैसा आपल्याकडे राहत नाही, आणि जो मोठ्याने मागेल त्याच्या पदरात जास्त पडते, हे प्रत्येक प्रांताला लवकरच उमगले. त्या काळच्या जाणत्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच या लुटालुटीबद्दल तक्रारी केल्या आहेत, आणि आंबेडकर आरोपीच्याच साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करावे तशा त्या वाचकांसमोर ठेवतात.

मग १८५७ आले. बंड मोडले, पण तिजोरीही मोडली. जेम्स विल्सन हा अर्थमंत्री विलायतेहून आला, १८६० मध्ये त्याने अंदाजपत्रक मांडले, प्राप्तिकर बसवला, आणि त्याच वर्षी तो येथेच मरण पावला. त्या दशकात एक प्रश्न वारंवार निघत होता : प्रांतांना त्यांचे स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःची जबाबदारी द्यावी काय? म्हणजे संघराज्याचा प्रश्न हिंदुस्थानात काँग्रेसच्या जन्माआधीच, गोऱ्या साहेबांच्या आपसातल्या टिपणांत उभा राहिला होता. उत्तर मिळाले ते अर्धेमुर्धे. १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने लॉर्ड मेयोने तुरुंग, पोलीस, शिक्षण, औषधोपचार, नोंदणी, छपाई, रस्ते आणि सरकारी इमारती अशी खाती प्रांतांकडे दिली आणि त्यांच्यासाठी एक ठराविक रक्कम बांधून दिली. या तडजोडीवर आंबेडकरांनी जे शीर्षक दिले आहे, त्याचा आशय असा, की पैसा साम्राज्याचाच, फक्त व्यवस्था साम्राज्याने पाहायची नाही.

पुढची वाढ त्यांनी तीन पायऱ्यांत सांगितली आहे. पहिली पायरी १८७१ ची : बांधून दिलेल्या रकमेवर भागवा. दुसरी १८७७ ची : रकमेबरोबर काही उत्पन्नाच्या बाबीही घ्या आणि त्या वाढवून दाखवा. तिसरी १८८२ ची : काही बाबी सर्वस्वी वरच्या सरकारच्या, काही प्रांतांच्या आणि काही दोघांत वाटून. ही तिसरी पायरी थोड्याफार फरकाने १९२०–२१ पर्यंत चालली. पहिल्यांदा दर पाच वर्षांनी करार फिरवले जात, आणि ज्या प्रांताने पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकली असेल, त्याची शिल्लक कराराच्या वेळी वरचे सरकार हिशेबात धरी. १९०४ मध्ये हे करार जवळजवळ कायमचे झाले आणि १९१२ मध्ये कायमचे. कोष्टकांमागून कोष्टके येतात, वाचकाची मान लवायला लागते. पण नेमक्या त्याच वेळी ग्रंथकार एक साधा प्रश्न विचारतो आणि आपण खडबडून जागे होतो : या सर्व काळात प्रांतांच्या मालकीचे काय होते?

उत्तर आहे, काहीच नव्हते. प्रांताला कर बसवण्याचा स्वतंत्र हक्क नव्हता, कर्ज काढण्याचा नव्हता, आपले उत्पन्न आपले म्हणण्याचाही कायद्याने नव्हता. ‘प्रांतिक उत्पन्न’ हे शब्द हिशेबाच्या सोयीचे होते. वरच्याने खाली सोपवलेले काम आणि खालच्याचा स्वतःचा अधिकार या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हा या ग्रंथाचा गाभा. तो सांगताना त्यांनी आवाज चढवलेला नाही. निष्णात वकील उलटतपासणीत एकेक कागद पुढे सरकवतो आणि शेवटी न्यायाधीशाला निकाल दिसू लागतो, तशी ही शैली आहे. तिच्यात लालित्य शोधू नये. पण नेमकेपणा हादेखील गद्याचा एक अलंकार आहे, आणि तो या पानांवर भरपूर आहे.

१९१९ च्या सुधारणांकडे आंबेडकर याच नजरेने पाहतात. त्या वेळी वाटून घेण्याच्या बाबी संपवण्यात आल्या : जमीन महसूल, अबकारी ही खाती प्रांतांकडे आणि जकात, प्राप्तिकर, मीठ, अफू, रेल्वे ही मध्यवर्ती सरकारकडे. त्यामुळे मध्यवर्ती सरकारला जी तूट येणार, ती प्रांतांनी वर्गणीने भरून द्यायची. मेस्टन समितीने ही वर्गणी एकंदर ९८३ लाख रुपये ठरवली : मद्रासवर ३४८ लाख, संयुक्त प्रांतावर २४० लाख, मुंबईवर ५६ लाख. आकडा पाहून मुंबई सुटली असे वाटेल. पण गिरण्या आणि पेढ्यांच्या या इलाख्यातून मिळणारा प्राप्तिकर दिल्लीला जाऊ लागला, हे मुंबईचे खरे दुःख. ते दुःख शंभर वर्षांनंतरही आपल्या विधानसभेत ऐकू येते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सहा टक्क्यांच्या थोडासाच वर धरला. गरीब राज्यांना अधिक मिळावे हे न्यायाचेच आहे. पण वाटप करणारा कोण आणि हात पसरणारा कोण, हा प्रश्न मेस्टनच्या काळचाच आहे.

आता समीक्षकाने न टाळण्याजोगा एक मुद्दा. ज्या माणसाने मध्यवर्ती सत्तेची साखळी कडी-कडीने मोजली, त्याच माणसाच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या घटनेने केंद्राला इतके बळ कसे दिले? १९३५ च्या कायद्यातल्या तीन याद्या, फरक करून का होईना, आपल्या सातव्या अनुसूचीत आल्या आहेत. १९३९ साली पुण्यातल्या गोखले संस्थेत त्यांनी ‘फेडरेशन विरुद्ध स्वातंत्र्य’ या विषयावर व्याख्यान दिले, ते १९३५ च्या योजनेवर कडाडून टीका करणारे होते. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी मजबूत केंद्राचे समर्थन केले. यात विसंगती पाहणारे पाहोत. मला त्यात एक सूत्र दिसते. १९२५ च्या ग्रंथात त्यांचा राग केंद्र बलवान असण्यावर नव्हता. ते कोणालाच जबाबदार नसण्यावर होता. परक्या सरकारला सामाजिक सुधारणांना हात घालण्याचे धैर्य नव्हते, कारण लोकांचा पाठिंबा नसल्याने त्याला लोकांच्या प्रक्षोभाची भीती होती, हे त्यांनी त्या ग्रंथात बजावून सांगितले आहे. लोकांनी निवडलेले केंद्र ती हिंमत दाखवील, ही १९४८ ची आशा. आणि फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

हीच कथा दुसऱ्या एका देशात कशी उलटी घडली, ते पाहण्यासारखे आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियाचे दोन भाग १९१४ मध्ये एकत्र केले ते लॉर्ड लुगार्ड यांनी; त्यांचा जन्म १८५८ मध्ये आपल्या मद्रासेतला. एकत्र करण्याचे एक कारण तेच जुने : उत्तरेकडचा भाग खर्चाला पुरेसा पडेना, दक्षिणेकडे जकातीचा पैसा होता. पुढे १९४६ च्या घटनेने तीन विभाग पाडले, १९५४ मध्ये संघराज्य झाले, आणि १९५८ मध्ये विभागांत पैसा कसा वाटावा हे ठरवायला जे आयोगाचे अध्यक्ष गेले ते सर जेरेमी रेझमन, पूर्वीचे हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री. दिल्लीत मुरलेली विद्या लेगॉसला पोचली. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा विभाग इतके बलवान झाले होते की देश त्यांच्या ओढाताणीत सापडला. १९६७ ते १९७० यादवी युद्ध झाले. त्या युद्धाच्या तोंडावरच लष्करी राज्यकर्त्यांनी विभाग फोडून राज्ये केली, १९९६ मध्ये त्यांची संख्या ३६ झाली, आणि तेलाचा पैसा केंद्राच्या खात्यातून वाटला जाऊ लागला. आज तिथली बहुतेक राज्ये त्या वाटपाकडे डोळे लावून बसतात. रस्ता उलटा, पण मुक्काम ओळखीचा.

ग्रंथाची परीक्षा मात्र दूरच्या देशात कशाला? ती आपल्या गावात करावी. मी ती मीरा-भाईंदरपुरती करतो. वाचकांनी आपापल्या गावापुरती करावी. भाईंदर स्टेशनवर उभे राहिले की सातवी अनुसूची डोळ्यांनी दिसते. पायाखालची रेल्वे संघ सूचीतली. एके काळची बी. बी. सी. आय., आजची पश्चिम रेल्वे, तेव्हाही मध्यवर्ती आणि आताही. रुळांच्या आजूबाजूची मिठागरे आणि तिथले मीठ तीच कथा सांगतात. मीठ हे कलकत्त्याच्या सरकारने कधीही प्रांतांच्या हाती दिले नाही. १८७१, १८७७, १८८२ या तिन्ही पायऱ्यांवर ते साम्राज्याचेच उत्पन्न राहिले, १९३५ च्या कायद्यात मध्यवर्ती यादीत गेले आणि घटनेच्या संघ सूचीतही आले. १९४७ मध्ये मिठावरचा कर गेला, पण मिठाचे खाते राहिले. फाटकाबाहेरचा पोलीस मात्र राज्याचा, कारण मेयोने १८७० मध्ये जी खाती खाली दिली त्यांत पोलीस होते. सातबारा राज्याचा, कारण जमीन महसूल १९१९ मध्ये प्रांतांकडे आला. एकाच खाडीकाठावर उभ्या माणसाला कधी दिल्लीचे, कधी मुंबईचे सरकार लागते, त्याचे कारण अशा जुन्या ठरावांत आहे.

ही केवळ इतिहासाची गंमत नाही. २०२० मध्ये कांजूरमार्ग येथील १०२ एकर जागा राज्य सरकारने मेट्रोच्या कारशेडसाठी दिली. केंद्राने ती मीठ खात्याची असल्याचे सांगितले. आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्या हस्तांतरणाला स्थगिती दिली. जिथे मिठागरे आहेत तिथे असा प्रश्न केव्हाही उभा राहू शकतो. ज्याच्या पिढ्या त्या आगरांत राबल्या, त्या आगरी आणि कोळी माणसाला मात्र या भांडणात कोणी पक्षकारही मानत नाही.

पण मीरा-भाईंदरने या ग्रंथाला जो सर्वांत कठीण प्रश्न विचारावा, तो राज्याच्याही खालचा आहे. आणि येथेच ग्रंथाची मर्यादा दिसते. आंबेडकरांचा शोध कलकत्त्यापासून निघून मुंबई, मद्रास, लाहोर येथे थांबतो. त्याखाली तो उतरत नाही. पाच ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. या आठ लाखांचा कारभार ज्या कायद्याने चालतो, त्यात कार्यकारी अधिकार राज्याने नेमलेल्या आयुक्ताकडे आहेत. ही रचना मुंबईत १८६५ पासून रुजलेली आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पक्की झालेली. निवडलेली सभा बोलते, नेमलेला साहेब करतो. २०१७ मध्ये निवडलेल्या सभेची मुदत २०२२ मध्ये संपली, आणि निवडणुका लांबत गेल्याने त्यानंतरची काही वर्षे बोलणारी सभाही नव्हती. कारभार प्रशासकाने पाहिला. राज्यातल्या अनेक मोठ्या शहरांत तेच घडले, आणि त्याबद्दल कोठे फारसे दुःख झाल्याचे दिसले नाही, हे अधिक दुःखाचे.

पैशाचे पाहावे तर तीच रीत. महापालिकांचे हुकमी उत्पन्न म्हणजे जकात, पुढे स्थानिक संस्था कर. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. जकातीसारख्या करांना जागा उरली नाही, आणि राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाईची रक्कम बांधून दिली. बांधून दिलेली रक्कम! १८७१ ची पहिली पायरी ती हीच. दिल्लीपुढे मुंबई जी तक्रार करते, नेमकी तीच तक्रार भाईंदर मुंबईपुढे करू शकेल. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांसाठी अठरा विषयांची बारावी अनुसूची जोडली. पण त्यांतले कोणते विषय खाली द्यायचे हे राज्याने ठरवायचे. सोपवलेले काम आणि स्वतःचा अधिकार यांतले अंतर आंबेडकरांनी १९२५ मध्ये शिकवले; आपण तो धडा प्रांतापर्यंतच वाचला आणि पुस्तक मिटले.

या मर्यादेचा दोष ग्रंथकाराला किती द्यावा? विषय प्रांतिक अर्थव्यवस्थेचा होता, तो त्याने पुरा केला. शिवाय गावाच्या स्वराज्याबद्दल आंबेडकरांना जो अविश्वास होता, त्याला कारण होते. गाव म्हणजे जातीची उतरंड, हे त्यांनी सोसले होते. घटना समितीतही गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. त्या अविश्वासाची टिंगल करण्याचा अधिकार, गावकुसाबाहेर ज्याला राहावे लागले नाही, त्याला नाही. तरीही आठ लाखांचे शहर म्हणजे पाटलाचा वाडा नव्हे. तिथे गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मराठी, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्वांनी एका नळाच्या पाण्यावर आणि एका नाल्याच्या तुंबण्यावर संसार मांडलेला आहे. तिथल्या नाल्याची जबाबदारी तिथल्याच माणसावर नसेल, तर त्याला मत देण्याची सवय लागेल, मत असण्याची लागणार नाही.

ज्यांना ग्रंथ मुळातून वाचायचा आहे, त्यांना तो महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात मिळेल. पहिल्या वाचनात कोष्टके गाळली तरी चालेल. प्रश्न गाळू नये. आणि येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या नगरपालिकेचे किंवा महापालिकेचे अंदाजपत्रक जाहीर होईल, तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी सोडून सिनेमाच्या पानाकडे वळण्यापूर्वी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारावे : यातला आपला पैसा किती, आणि आपल्याला मिळालेला किती? उत्तर शोधता शोधता ती मुले ज्या वाटेने जातील, ती वाट त्या तरुण विद्यार्थ्याने पूर्वीच आखून ठेवली आहे. त्याने ती प्रांताच्या वेशीपर्यंत नेली. तिथून पुढे आपल्या दारापर्यंत आणण्याचे काम त्याने आपल्यावर ठेवले आहे.